मालक कोण, हे विचारायची नोकरी

माझं आडनाव ढोबळे आणि काम बारीक तपासणीचं. या एका विनोदावर आमच्या वर्ध्याच्या ऑफिसने माझी सगळी नोकरी काढली. नवे साहेब आले की पहिल्याच आठवड्यात हा विनोद त्यांना स्वतःला सुचल्यासारखा सुचायचा आणि मी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायचे. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नोकरीतलं काही लिहा" म्हणून फोन केला, तेव्हा मनात आलं, आता हेही तोच विनोद करणार. त्यांनी केला.

मी उद्योग निरीक्षक होते. लोकांना वाटतं, निरीक्षक म्हणजे तेलघाणीत आणि विटांच्या भट्टीवर जाऊन यंत्रं मोजणारी बाई. तेही केलं. पण शेवटची काही वर्षं माझ्याकडे एक वेगळंच टेबल होतं. सरकारला वाहतुकीची कामं सारखी द्यावी लागतात. गोदामातून रेशन दुकानापर्यंत धान्य न्यायचं, शाळांना पोषण आहाराचा माल पोचवायचा, उन्हाळ्यात टँकर फिरवायचे. यातली काही कामं लहान, मागे राहिलेल्या लोकांसाठी बाजूला काढायची आणि त्यांना अटींमध्ये थोडी सूट द्यायची, अशी योजना होती. योजनेचं नाव अधूनमधून बदलायचं, मतलब तोच राहायचा. अर्जदार महिला असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि धंदा खरोखर तिचाच असेल, तर आमच्या ऑफिसने तसा पात्रता दाखला द्यायचा. दाखला असला की त्या कामांची निविदा भरता येते. नसला तर मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं, आणि त्या रांगेत लहान माणूस कोणाला दिसतसुद्धा नाही.

'खरोखर तिचाच' हे दोन शब्द म्हणजे माझी नोकरी. जात काय, गाडी कोणाच्या नावावर, हे कागद सांगतो. धंदा चालवतो कोण, हे कागद सांगत नाही. ते पाहायला मी घरोघर जायचे.

सेलूकडच्या एका घरात मालकीणबाईंना विचारलं, "तुमच्या गाड्या किती?"

त्या नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "यायले विचारा."

"चालतात कुठं?"

"यायले विचारा."

शेवटी मी म्हटलं, "बरं, तुमचं नाव सांगा." सवयीने त्यांच्या तोंडून "यायले" एवढं निघून गेलं आणि मग पदर तोंडाला लावून त्या स्वतःच हसत सुटल्या. नवराही हसला. मी चहा घेतला आणि अर्ज नामंजूर केला.

आर्वीतल्या एका व्यापारी घराण्यात ट्रान्सपोर्टच्या मालक निघाल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाई. त्यांनी मला आधीच सांगून टाकलं, "सही मी करतो. माही सही लय चांगली आहे. बाकीचं मले काई मालूम नाई." आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला खरोखरच एक सुरेख सही करून दाखवली. प्रामाणिकपणाचा दाखला द्यायचा अधिकार मला असता, तर पहिला त्यांना दिला असता.

अशा घरांमधून फिरून फिरून मी तीन प्रश्न तयार केले होते. शेवटचा टायर कोणत्या चाकाचा बदलला? ड्रायव्हर आला नाही तर कोणाला बोलावता? गाडी उभी असते तेव्हा किल्ली कुठे असते? उत्तर बरोबर की चूक, याच्याशी मला फारसं देणंघेणं नसायचं. उत्तर देण्याआधी बाई कोणाकडे पाहते, ते मी पाहायचे. ही माझी स्वतःची युक्ती. नव्या निरीक्षकांना शिकवतानासुद्धा मी ती जरा रुबाबातच सांगायचे.

या युक्तीनेच मी सुमित्राबाई कुमरेंना अपात्र ठरवलं.

हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या वाटेवरच्या एका लहान गावात त्यांचं घर. दारात दोन मेटॅडोर उभ्या, दोन्ही सुमित्राबाईंच्या नावावर. अर्जात सगळं चोख. अनुसूचित जमातीच्या, त्यात महिला, म्हणजे आमच्या कागदाच्या दोन्ही बाजूंनी पात्र. जंगलाकडच्या गावांना रेशनचं धान्य पोचवायचं काम निघणार होतं आणि ते त्यांना हवं होतं. वय चाळिशीचं, अंगाने किरकोळ, बोलणं जवळजवळ नाही. खुर्चीवर त्यांचे यजमान देवराव बसले होते. हे वीस वर्षं ट्रकवर ड्रायव्हर होते आणि ते बसण्यावरूनच कळत होतं. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीतही ते स्टिअरिंगसमोर बसल्यासारखे बसले होते.

मी पहिला प्रश्न टाकला. "सुमित्राबाई, शेवटचा टायर कोणत्या चाकाचा बदलला?"

त्यांनी देवरावांकडे पाहिलं. देवराव म्हणाले, "मांगचा, डावा. आतला."

"ड्रायव्हर आला नाही तर?"

पुन्हा देवरावांकडे नजर. देवराव म्हणाले, "हिंगणीचा एक पोरगा आहे, त्याले बोलावतो."

किल्लीच्या प्रश्नाला तर त्या उठून पाणी आणायलाच गेल्या. देवरावांनी भिंतीवरचा खिळा दाखवला.

मी परत येऊन अहवाल लिहिला. अर्जदार नाममात्र मालक असून व्यवसाय पती चालवतात, सबब अपात्र. 'सबब' हा शब्द लिहिताना निरीक्षकाला जे समाधान मिळतं, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

त्यानंतर महिनाभराने कारंजा घाडगेला एक तपासणी होती. ती आटोपून मी भर दुपारी हायवेवर एसटीची वाट पाहत उभी होते. ऊन म्हणून डोक्याला, तोंडाला रुमाल बांधलेला. समोरच्या ढाब्यावर लिंबाखाली एक मेटॅडोर मागचा कमानपाटा तुटून एका अंगाला कलून उभी होती, वर संत्र्याचे क्रेट. गाडीजवळ एक बाई फोनवर बोलत होती. मला आधी आवाज ओळखू आला नाही, कारण तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"नाई, उद्याच्या लिलावाले माल नागपूरले लागलाच पायजे. तू रिकामी गाडी घेऊन ये. वर्ध्याचं भाडं सोडून दे, मी त्याइले सांगतो. अन् दोर आणजो, इथला सडलेला आहे."

फोन ठेवून त्या ड्रायव्हरकडे वळल्या, तेव्हा चेहरा दिसला. सुमित्राबाई! "उजव्या बाजूनं आवाज येऊन राह्यला हे मी तुले परवाच म्हटलं होतं. कमानपाटा मिस्त्रीले दाखव म्हटलं होतं का नाई?"

ड्रायव्हर चांगला मिशीवाला गडी होता. तो मान खाली घालून म्हणाला, "म्या म्हटलं, काकू, एवढी खेप होऊन जाईन."

"झाली का?"

"नाई."

"मंग."

या 'मंग'नंतर ड्रायव्हर वाकून गाडीखाली पाहू लागला. तेवढ्यात संत्र्याचे मालक तावातावाने आले. माल उन्हात पडला, आमचं नुकसान कोण भरणार, असं त्यांचं सुरू झालं. सुमित्राबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, दुसरी गाडी सेलूहून निघाली. क्रेट मी स्वतः मोजून चढवतो. तुमचं एक संत्रं खाली पडू देत नाई. तवरक सावलीत बसा, चाय घ्या." काका बसले. चहासुद्धा घेतला.

मी रुमाल सोडला. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, आणि त्यांचा चेहरा क्षणात पुन्हा त्या अंगणातला झाला.

"मॅडम, तुमी?" म्हणत त्यांनी ढाब्यातून खुर्ची आणली. मी बसले. खरं तर त्यांच्यासमोर मीच उभं राहायला हवं होतं.

मी विचारलं, "सुमित्राबाई, हे सगळं तुम्ही करता, तर त्या दिवशी बोलल्या का नाही?"

त्या दोराची गाठ सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी आलता तवा त्याइचं लायसन जाऊन चारच महिने झालते. काचबिंदू. एक डोया गेला, दुसऱ्यानं अर्धंच दिसते. वीस वर्सं त्याइनं गाडी चालवली, मॅडम. घरी कोणी आलं का गाडीचं त्याइलेच विचारत. मी भडाभडा बोललो असतो, तं ते कुठं बसले असते?"

गाठ सुटली. त्यांनी दोर गुंडाळायला घेतला.

"टायर कोणता बदलला, हे मले मालूम नव्हतं का? मीच आणला होता पुलगावहून. पण तेवढं तरी त्याइले सांगू द्या ना. तुमच्या दाखल्यासाठी मी त्याइले आपल्याच घरात पाव्हणा करू का?"

त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही, तक्रार केली नाही. रस्त्याकडे पाहून फक्त म्हणाल्या, "तुमची बस आली, मॅडम."

बसमध्ये बसून मी स्वतःची समजूत घालत होते. नियम तो नियम. निरीक्षकाला जे दिसतं, तेच तो लिहिणार. पुढच्या रविवारपर्यंत ही समजूत टिकली. रविवारी घरी इन्व्हर्टर बसवायला एक मुलगा आला. "मॅडम, बॅटरी कुठं ठेवू?" म्हणाला. माझ्या घरातलं सगळं मीच पाहते. आमचे हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. घरातला फ्यूज कुठे आहे, हे त्यांना आजही नकाशाशिवाय सापडायचं नाही. आणि तरीही त्या मुलाला उत्तर देण्याआधी मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी गंभीरपणे जिन्याखालची जागा दाखवली, जी मी आदल्या दिवशीच रिकामी करून ठेवली होती.

एखादी निरीक्षक माझी तपासणी करायला आली असती, तर सबब अपात्र.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आमचे तेव्हाचे साहेब नागपूरचे, स्वभावाने थट्टेखोर, पण कामात पक्के. मी म्हटलं, "सर, एका अहवालाविरुद्ध हरकत घ्यायची आहे."

"कोणाचा अहवाल?"

"माझा."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "ढोबळे मॅडम, तुमच्याविरुद्ध तुमचीच तक्रार? असा फॉर्म नाही आपल्याकडे."

खरोखरच नव्हता. मी साध्या कागदावर लिहून नेलं होतं, 'माझा कुमरे यांच्याबाबतचा अहवाल चुकीचा आहे.' साहेबांनी वाचलं आणि पेन्सिलीने 'चुकीचा'वर काट मारली. "'अपुरा' लिहा. खातं चुकत नसतं, अपुरं पडतं." मग जरा गंभीर झाले. "फेरतपासणीला मी येतो. पण मॅडम, एक सांगून ठेवतो, बोलावं बाईनंच लागेल. ढाब्यावर तुम्ही काय पाहिलं, ते मी फाइलला लावू शकत नाही."

मी सुमित्राबाईंना फोन केला. म्हटलं, "साहेब येतील. या वेळी तुम्हालाच बोलावं लागेल, आणि देवरावांच्या समोर."

त्यांनी विचारलं, "त्याइले काय सांगू?"

"ते तुम्हीच ठरवा."

हे वाक्य बोलायला सोपं होतं, कारण बोलून मला फोन ठेवायचा होता. त्या घरात राहायचं त्यांना होतं. फोन ठेवल्यावर ते वाक्य दिवसभर मला खटकत राहिलं. एका दाखल्यासाठी आपण त्या दोघांमध्ये काय पेरून ठेवतो आहोत, हे मला कळत नव्हतं. देवराव उठून निघून गेले तर? साहेबांसमोर काही बोलले तर? धान्याचं काम एक वर्षाचं असतं, संसार वर्षाचा नसतो.

आम्ही गेलो त्या दिवशी अंगण शेणाने सारवलेलं होतं. दोन खुर्च्या आमच्यासाठी, एक सुमित्राबाईंसाठी. देवरावांसाठी खुर्ची नव्हती. ते ओसरीतल्या बाजेवर, भिंतीकडे तोंड करून, अंगावर दुपट्टा घेऊन आडवे झालेले होते.

"तब्येत बरी नाही का त्यांची?" साहेबांनी विचारलं.

बाजेवरूनच आवाज आला, "तब्येत चांगली आहे, साहेब. मी झोपून राह्यलो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइल उघडली.

साहेब विचारू लागले. पहिल्या प्रश्नाला सुमित्राबाईंची मान सवयीने बाजेकडे वळली. तिकडे फक्त पाठ दिसत होती. त्या पाठीकडे त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. मग मान वळवून त्यांनी बोलायला सुरुवात केली. आधी हळू, मग ढाब्यावरच्या आवाजात. कोणत्या गावाला पावसाळ्यात कोणत्या वाटेने जावं लागतं, कोणता पूल पाण्याखाली जातो, वन खात्याचं फाटक किती वाजता लागतं, ओलं पोतं कसं ओळखायचं, ताडपत्री कोणत्या बाजूने आधी बांधायची. साहेबांनी लिहिणं सोडून ऐकायला सुरुवात केली. मलाही यातलं निम्मं ठाऊक नव्हतं.

"दुसऱ्या गाडीचं फिटनेस कधी संपतं?" साहेबांनी विचारलं.

"पोळ्याच्या आधी."

बाजेवरून खोकला आला.

"पोळ्याच्या आधीच," सुमित्राबाई तिकडे न पाहता म्हणाल्या. "तुमी खोकू नोका. मांगच्या वर्सीचं सांगता तुमी. मले याद आहे."

मी फाइल चाळून पाहिली. पोळ्याच्या आधीच संपत होतं.

दुपट्टा जरासा हलला. देवराव हसत होते की काय, ते पाठीवरून सांगता येईना. मी ते अहवालात लिहिलं नाही.

निघताना साहेब गाडीकडे गेले आणि मी मागे राहिले. देवराव उठून बसले होते. मी म्हटलं, "झोप झाली का?"

ते म्हणाले, "झोप कायची, मॅडम. मी असलो का ती माह्याकडं पाहते. तिची गलती नाई. मलेच ते बरं वाटे." मग बाजेच्या दोरीशी चाळा करत म्हणाले, "फोन आला त्या दिवशी तिनं मले काईच सांगतलं नाई. दोन दिवस निस्ती काम करत राह्यली. मंग मीच म्हटलं, साहेब येतीन तवा मी झोपतो."

दाखला मिळाला. पण इथेच गोष्ट गोड झाली असं समजू नका. माझा पहिला अहवाल, मग हरकत, मग फेरतपासणी, या सगळ्यात निविदेची मुदत निघून गेली होती. ते काम वर्धा शहरातल्या एका बाईंना मिळालं. त्यांची तपासणीही मीच केली होती. तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून, एकदाही इकडेतिकडे न पाहता दिली होती, आणि मी खूश होऊन शेरा मारला होता. पुढे ते काम त्यांचे यजमान आणि दीर चालवताना दिसले. बाईंचं पाठांतर उत्तम होतं, एवढंच. पावसाळ्यात जंगलाकडच्या गावांना धान्य दोनदा उशिरा गेलं. साध्या कागदावर लिहिण्यासारखी ही दुसरी तक्रार होती. तीही मी लिहिली. दाखला रद्द व्हायला त्यांच्या कामाची मुदत संपण्याइतकाच वेळ लागला. त्या गावांतल्या लोकांनी तेवढे महिने दुकानाच्या ज्या चकरा मारल्या, त्यात काही चकरा माझ्या हुशारीमुळे होत्या. नव्या निरीक्षकांना माझी युक्ती शिकवणं मी त्यानंतर बंद केलं. तीन प्रश्नांऐवजी एक दिवस गाडीबरोबर फिरून या, असं सांगू लागले. त्यांना ते आवडायचं नाही. ऊन फार असतं.

पुढच्या वर्षी सुमित्राबाईंनी पुन्हा निविदा भरली आणि काम त्यांना मिळालं. पहिली गाडी निघायची त्या सकाळी मी गोदामावर गेले. जायचं काही कारण नव्हतं. साहेबांना मी 'पाहणी' म्हणून सांगितलं आणि साहेबांनी न हसता मान हलवली.

पोती चढत होती. सुमित्राबाई वर उभ्या राहून थर लावून घेत होत्या. देवराव खाली, हातात काठी. भरणं संपल्यावर गोदामाचा माणूस पावतीचं पुस्तक घेऊन आला. समोर धोतर-टोपीतला वयस्कर पुरुष दिसला, म्हणून त्याने ते सरळ देवरावांसमोर धरलं. "करा सही, मालक."

मी पुढे होणार होते. पण देवरावांनी पुस्तक घेतलं होतं. चांगल्या डोळ्याजवळ, अगदी नाकाला लागेल इतकं जवळ धरून त्यांनी एकेक ओळ बोटाने वाचली. खूप वेळ लागला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्नसुद्धा दिला. देवरावांनी घाई केली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत पोचले, पुस्तक वर गाडीकडे धरलं आणि म्हणाले, "वजन बरोबर आहे. पोती बरोबर आहेत. कर सही."

सुमित्राबाईंनी वाकून सही केली. न वाचता.

मग देवराव ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले. पावसात वाहून गेलेल्या वाटा त्यांच्याइतक्या कोणालाच ठाऊक नव्हत्या. सुमित्राबाई दाराशी बसल्या. काहीतरी छानसं बोलावं, म्हणून मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले होते. शब्द जुळवत होते.

"मॅडम," सुमित्राबाई खिडकीतून म्हणाल्या, "बाजूले व्हा. गाडी निघते."

मी बाजूला झाले.